माझी प्रत्येक कथा त्याच घाटावर येऊन थांबते : नवे कथाबीज शोधावे कुठे?

संगमघाट (सांगली)

नमस्कार मंडळी.

गेली अकरा वर्षे मी दिवाळी अंकांसाठी कथा लिहितो आहे. नोकरी सहकारी बँकेत असल्यामुळे लेखन रात्रीचे आणि रविवारचे. आजवर चौदा कथा छापून आल्या. त्यांचा संग्रह काढावा असे एका प्रकाशकांनी सुचवले, म्हणून गेल्या महिन्यात त्या सगळ्या प्रथमच सलग वाचल्या, आणि वाचून झाल्यावर जे वाटले ते कोणापाशी तरी बोलावे म्हणून हा धागा काढतो आहे.

चौदापैकी नऊ कथांच्या शेवटी कोणी ना कोणी घाटाच्या पायरीवर बसून कृष्णेच्या पाण्याकडे पाहत राहते. सहा कथांमध्ये आई कथा सुरू होण्यापूर्वीच वारलेली आहे. (माझी आई ठणठणीत असून हे कळल्यावर तिने काय ऐकवले ते येथे लिहीत नाही.) निवेदक प्रत्येक वेळी चाळिशीचा, समंजस, हळवा पुरुष आहे आणि त्याच्या हातून कथेत काहीही घडत नाही, तो फक्त पाहतो. दरवर्षी एकेक कथा वाचणाऱ्याच्या हे लक्षात आले नसेल, पण संग्रह हाती घेणाऱ्याच्या ते चौथ्या-पाचव्या कथेपाशी नक्की येईल. पत्नीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला तिसऱ्याच कथेला कळलं होतं. तुम्ही विचारलं नाहीत."

लेखन तसे दोन वर्षांपासून अडलेलेच होते. गेल्या सप्टेंबरात कासला जाऊन आलो. २०१२ साली जागतिक वारशात गेलेले ते पठार फुलांनी भरले होते, मीही भरून आलो, आणि परत येऊन एक ओळ लिहिली नाही. नंतर भिलारला दोन दिवस राहिलो. पुस्तकांच्या त्या गावात घराघरांत बसून मनसोक्त वाचले. मात्र परतल्यावर जे लिहिले त्यात प्रत्येक वाक्य दुसऱ्या कोणाचे तरी वाटत होते.

माझा प्रश्न असा, की लिहिता हात टिकवूनही कथा जुनीच येत राहते तेव्हा आपण नेमके काय करता? धीर देणारे चार शब्द नकोत, ते घरी मिळतात. एखादी करून पाहण्याजोगी गोष्ट सांगावी.

बेदाणा (तासगाव)

दादा, प्रेरणा वगैरे काही नसते असे माझे स्पष्ट मत आहे. रोज सकाळी पाचला उठून दोन पाने लिहावीत, महिनाभरात साठ पाने होतात, त्यातील दहा बरी निघतात. बेदाण्याच्या शेडवर माल रॅकवर टाकला की पंधरा दिवस आभाळाकडे बघत बसून चालत नाही, रोजचे काम रोज करावे लागते.

संगमघाट (सांगली)

आपले म्हणणे मान्य आहे, पण माझी अडचण पाने न होण्याची नाही. पाने होतात आणि ती त्याच घाटावर जातात. पाचला उठलो तर एवढेच होईल की घाटावर पहाट असेल.

तिसरे प्रूफ (सातारा)

मी साताऱ्याहून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाच्या संपादनात वीसेक वर्षे आहे. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून संपादकांची टेबले पावसाळ्यात अशीच भरत असावीत. जूनपासून कथा येऊ लागतात आणि पहिले पान वाचून शेवट ओळखण्याचा एक वाईट खेळ आम्ही कार्यालयात खेळतो. परदेशातील मुलगा, गावाकडचे पडके घर, वृद्धाश्रमातील रविवार, आणि २०१९ नंतर अर्थातच पूर. संगमघाट यांनी स्वतःच्या कथांचा जो ताळेबंद मांडला आहे तो बहुतेक लेखक मांडत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

विषय जुना झाला की कथा जुनी होते असे आपल्याला वाटते. माझा अनुभव वेगळा आहे. वृद्धाश्रमावरची एखादी कथा अजूनही मला खुर्चीत सरळ बसवते, आणि कोणीही न हाताळलेल्या विषयावरची कथा पहिल्याच परिच्छेदात शिळी निघते. फरक पडतो तो निवेदक कुठे उभा आहे यामुळे. आपला निवेदक घाटावर उभा आहे, म्हणजे पाण्याबाहेर उभा आहे. त्याचे काही बुडत नाही, त्याला काही ठरवायचे नाही, त्यामुळे शेवटी पाण्याकडे पाहण्याखेरीज त्याला दुसरे काम उरत नाही. तुमचा घाट ही सवय आहे असे तुम्हाला वाटते. मला ती त्या निवेदकाची लाचारी वाटते.

एक प्रयोग सुचवतो. तुमची पुरावरची एखादी जुनी कथा घ्या आणि त्या प्रसंगात ज्याला नेमून दिलेले काम आहे अशा माणसाकडे ती सोपवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी वाचून ती कळवण्याचे काम कोणाचे तरी असते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. आता कल्पना करा, की पातळी लिहिणाऱ्या तुमच्या पात्राला स्वतःच्या गल्लीची उंची पक्की ठाऊक आहे. पाणी किती फुटांना आपल्या दारात येणार आणि किती फुटांना माळ्यावरच्या पेटीपर्यंत पोचणार, हे त्याला आकड्यांत कळते. दर तासाला तो एक आकडा लिहितो आणि त्या आकड्याचा त्याच्या घरी काय अर्थ होतो हे त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत आहे. तो काम सोडून जातो का? फोनवर घरच्यांना खरा आकडा सांगतो का? या माणसाला पाण्याकडे हळवेपणाने पाहायला सवड नाही, तो पाणी मोजतो आहे.

हे कथाबीज मी कोणाला आंदण दिलेले नाही, हवे त्याने घ्यावे. दहा जणांनी लिहिले तरी दहा कथा वेगळ्या होतील.

भिजलेलं पान (सांगली)

तिसरे प्रूफ यांचा मुद्दा लेखनाच्या दृष्टीने बरोबर असेल, पण मला त्यावर थोडे कडवट लिहावेसे वाटते. २०१९ साली आमच्या घरात सात दिवस पाणी होते. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली, तिथे आमच्या नात्यातील माणसे राहतात. त्याच वर्षीच्या दिवाळीत, म्हणजे भिंतींची ओल वाळण्याआधी, पुरावरच्या किती कथा छापून आल्या हे मी पाहिले आहे. त्यांतील एका कथेत आमची गल्ली होती. लेखक पुण्याचे होते, मदतीचे साहित्य घेऊन आले होते आणि आमच्या शेजारच्या आजींशी अर्धा तास बोलले होते. कथेत आजींच्या देव्हाऱ्यातील मूर्ती वाहून गेल्या होत्या आणि त्या रडत होत्या. प्रत्यक्षात आजी मूर्तींबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांची काळजी गॅसच्या पुस्तकाची आणि पेन्शनच्या पासबुकाची होती.

नव्या प्रेरणेच्या शोधात लेखक दुसऱ्याच्या दारात येतो तेव्हा बहुधा आपली जुनीच कथा बरोबर घेऊन येतो, आणि तिला साजेल तेवढेच ऐकून परत जातो.

संगमघाट (सांगली)

भिजलेलं पान, त्या वर्षीच्या कथांत माझीही एक होती. त्यात गल्ली आपली नव्हती, पण देव्हारा होता. याहून अधिक काय लिहावे ते सुचत नाही.

ऊसफड (वाळवा)

मी शाळेत मराठी शिकवते आणि लिहिते क्वचित. पासबुकाचा उल्लेख वाचून राहवले नाही म्हणून लिहिते आहे, कारण मला वाटते की या चर्चेचे उत्तर त्या पासबुकातच कुठेतरी आहे.

आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बऱ्याचशा बीडकडच्या. मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या या टोळ्यांत माणसे मोजण्याचे माप 'कोयता' हे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते आणि तो मला कधी खटकला नव्हता. एका हंगामात माझ्या वर्गात तात्पुरती आलेली एक मुलगी वडील शाळेत का येऊ शकले नाहीत ते सांगताना सहज म्हणाली, "आता आमचा अर्धाच कोयता राहिलाय." तिची आई त्या वर्षी आली नव्हती. का आली नव्हती ते मी विचारले नाही, आणि त्या न विचारण्यावर मी पुढे एक कथा लिहिली. त्या कथेतील शिक्षिका प्रश्न विचारत नाही कारण उत्तर ऐकले तर तिला काहीतरी करावे लागेल, हे तिला ठाऊक असते. म्हणजे कथा मुलीची झाली नाही, माझी झाली. तिच्या घरात काय घडले होते ते मला माहीत नव्हते, त्यामुळे ते रचून सांगण्याचा अधिकारही मी घेतला नाही.

संगमघाटदादा, शब्दांसाठी कान उघडे ठेवावेत एवढेच मी सुचवेन, पण जत्रेतून भिंगरी आणावी तसे शब्द गोळा करून उपयोग होत नाही. हळदीच्या सौद्यात बसलात तर जेठा गड्डा, अंगठा, सोरा असे डझनभर शब्द वहीत येतील आणि कथेत ते नुसतेच रंगीत दिसतील. जो शब्द ऐकून आपलाच काहीतरी अपराध आठवतो, तो शब्द ठेवावा.

जवारी (मिरज)

ताईंनी चांगला विषय काढला. आमच्या घरात तंतुवाद्ये बनवण्याचे काम तीन पिढ्या चालू आहे. मी स्वतः हिशेब आणि पत्रव्यवहार पाहतो, त्यामुळे लेखक, पत्रकार, माहितीपट काढणारी मुले या सगळ्यांशी बोलण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या काही वर्षांत मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ही वर्दळ वाढली आहे. बहुतेक जण विचारतात, "वाद्य पूर्ण झाल्यावर आपल्याला काय वाटतं?" चुलते अशा वेळी "समाधान वाटतं" एवढे सांगून काम पुढे चालू ठेवतात, आणि तेच वाक्य छापून येते. खरे तर वाद्य पूर्ण झाल्यावर त्यांना पाठदुखी जाणवते.

एकदाच एक बाई आल्या होत्या, त्यांनी वेगळे विचारले. त्या म्हणाल्या, "यात बिघडतं काय काय?" चुलत्यांनी हातातील कानस खाली ठेवली आणि दीड तास बोलले. पंढरपूरकडून आलेला भोपळा बाहेरून देखणा असतो आणि कापल्यावर कुठे पातळ निघतो. तूनच्या लाकडात लपलेली गाठ दांडी कोरताना कशी हाताला लागते. वाजवून वाजवून घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेची खाच पडते, जवारी, म्हणजे त्या घासणीतून येणारा झंकार, उतरते, आणि गिऱ्हाईक वाद्य परत आणून म्हणते की तुम्ही दिलेला आवाज हा नव्हताच. मग ती घोडी पुन्हा घासायची, केसभर जास्त घासली गेली तर आवाज चपटा होतो, आणि तो मूळ आवाज कोणता होता हे तर फक्त दोघांच्या स्मरणात असते, त्या दोघांचेही स्मरण वेगळे असते. शेवटी चुलत्यांनी त्यांना एका वाद्याबद्दल सांगितले, जे त्यांनी मुद्दाम पूर्वीसारखे केले नाही. का केले नाही ते आम्हा घरच्यांनाही तोवर ठाऊक नव्हते, आणि ते मी येथे सांगणार नाही.

त्या बाईंनी पुढे काय लिहिले ते मला माहीत नाही. मात्र त्या दिवसापासून मला असे वाटते की माणसाला त्याच्या कामातील बिघाड विचारावा. भावना विचारल्या तर तो आपल्याला हवे ते देतो. बिघाड विचारला तर त्याच्याकडे जे आहे ते देतो.

बेदाणा (तासगाव)

जवारीसाहेब, हे पटले. शेडवर माल असताना अवकाळी पावसाची सर आली त्या रात्री आमच्या घरात जे बोलणे झाले ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही, आणि रोजच्या दोन पानांतही ते कधी आलेले नाही. पाचला उठण्याचा सल्ला तूर्त मागे घेतो.

इतर हक्क (कराड)

मी महसूल खात्यात होतो, आता निवृत्त आहे. वरचे सगळे माणसांशी बोलण्याबद्दल झाले; ज्यांना माझ्यासारखा बोलण्याचा संकोच आहे त्यांच्यासाठी कागदांचा मार्ग सांगतो.

कथालेखकाने आपल्या भागाचे जुने दप्तर चाळावे. १८८५ सालचे सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर वाचण्याजोगे आहे, आणि सांगलीकरांनीही ते परके समजू नये, कारण वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा साताऱ्यातच होते. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. पण गॅझेटियर लांबून बोलते. त्याहून जवळचा कागद आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, तो म्हणजे सातबारा, आणि त्याच्या मागे असलेली फेरफाराची, म्हणजे मालकी-हक्कातील बदलाची, नोंद.

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीची वाट, आणि पुष्कळदा बहिणींची नावे तिथे सापडतात. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर वडिलांच्या पश्चात मुलींची नावे लागू लागली, आणि त्यापाठोपाठ हक्कसोडही होऊ लागले. "स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय" असा मजकूर मी हयातभरात किती वेळा वाचला याची गणती नाही. त्या शब्दांच्या मागे काय असते ते कार्यालयाच्या व्हरांड्यात दिसते. भाऊ मोटारीतून उतरतो, बहिणीला हाताला धरून आणतो, तिच्यासाठी नवे लुगडे घेतलेले असते, आणि ती कोणाशी बोलत नाही. काही जणी खरोखर आनंदाने देतात, माहेर तुटू नये म्हणून. त्या आनंदाची कथा लिहिणे अधिक अवघड आहे असे मला वाटते.

वर्तमानपत्रातील जाहीर नोटिसाही वाचाव्यात. "माझ्या मुलाशी कोणीही व्यवहार केल्यास मी जबाबदार राहणार नाही" या एका ओळीसाठी कोणीतरी पैसे भरलेले असतात, आणि ती ओळ छापून येण्याच्या आदल्या रात्री त्या घरात जेवणे झालेली असतात किंवा नसतात.

तिसरे प्रूफ (सातारा)

इतर हक्क यांनी लिहिण्याचे का टाळले आहे?

इतर हक्क (कराड)

आपण म्हणता तसे लिहून पाहिले. अहवाल होतो. चाळीस वर्षांची सवय.

संगमघाट (सांगली)

पाच आठवड्यांनी येतो आहे, क्षमस्व.

सर्वांचे ऐकले, पण सरळ मार्गाने नाही. प्रथम हरिपूरला गेलो. हळद साठवण्याची जुनी पेवे तिथे जमिनीत आहेत. २००५ च्या पुराने त्यांतील बरीचशी निकामी केली. एका वृद्ध हमालांना जवारी यांचा प्रश्न विचारला, की यात बिघडतं काय. ते म्हणाले, "पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आतली हवा मारती. ज्याला घाई, तो गेला." मग त्यांनी घाई केलेल्या एका माणसाचे सांगितले. मी वही काढली, आणि ऊसफडताई व भिजलेलं पान या दोघांचे आठवून ती परत पिशवीत ठेवली. ती कथा त्यांच्या घरातील आहे.

पण 'ज्याला घाई' हे शब्द डोक्यातून जाईनात, आणि का जात नाहीत तेही कळेना. त्याच सुमारास घराच्या वाटणीच्या कामासाठी गावी जावे लागले. इतर हक्क यांचे पत्र मनात असल्यामुळे जमिनीचा जुना फेरफार आणि त्यासोबतचे जबाब मागून घेतले. १९७८ सालच्या जबाबात माझ्या थोरल्या आत्याचा हक्कसोड आहे. सहीच्या जागी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असे लिहून ठसा उमटवलेला आहे.

माझी आत्या सातवी शिकलेली होती. मला अक्षरओळख तिने करून दिली. ती वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे आणि पोस्टकार्डावर तिची सही इतकी वळणदार असे की पोस्टमन कौतुक करत. त्या दिवशी तिने अंगठा का दिला? लिहिता येत नाही असे कोणी सांगितले म्हणून, की सही करणार नाही असे ती म्हणाली आणि अंगठ्यावर तडजोड झाली? की तो ठसा तिचा नाहीच? आईला विचारले. आईने हातातील परात बाजूला ठेवली आणि म्हणाली, "त्या दिवशी सगळ्यांनाच लै घाई होती." त्यापुढे ती बोलली नाही, आणि मला उठून दुसरी चटणी आणायला सांगितली.

कथा सुरू केली आहे. निवेदक आई आहे, म्हणजे जिवंत आहे, आणि त्या दिवशी घरात तिच्याकडे एक काम होते: आत्याला तयार करून वेळेवर बाहेर आणायचे. नऊ पाने झाली आहेत. ठसा कोणाचा, हे मला अजून ठाऊक नाही. आजवर प्रत्येक कथेचा शेवट मला पहिल्या ओळीआधी ठाऊक असे.

भिजलेलं पान (सांगली)

ही आपल्या घरातली आहे. जरूर लिहा. आईंना वाचून दाखवणार का?

संगमघाट (सांगली)

छापण्याआधी दाखवावी लागेल. त्याची भीती पुराहून मोठी आहे.

तिसरे प्रूफ (सातारा)

जुलैअखेर पाठवा, साडेतीन हजार शब्दांच्या आत. ठसा कोणाचा हे शेवटपर्यंत कळले नाही तरी आमची हरकत नाही, मात्र आईला ते ठाऊक आहे की नाही हे तुम्हाला कळलेले असले पाहिजे.

संगमघाट (सांगली)

पाठवतो. एक शंका आहे. कार्यालयातून परतताना आत्या नदीकडे जायचे म्हणते, असे आज पहाटे लिहिले गेले आहे.

तिसरे प्रूफ (सातारा)

जाऊ द्या तिला. पायरीवर बसली तर कापीन.